रविवर्मा यांची चित्रे : मूळ प्रत आणि छापील प्रत

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) या चित्रकाराविषयी मराठीत आजवर थोडके लिहिले गेले नाही. परंतु त्यातील बहुतेक लेखन स्तुती किंवा निंदा यांपैकी एका सदरात जाऊन पडते. स्तुती करणारे म्हणतात की, देव्हाऱ्यातील देवांस मनुष्याचे मुख याच पुरुषाने दिले. निंदा करणारे म्हणतात की, याने देवांस नाटकातील पात्रे करून सोडले. उभय पक्षांचा आवेश सारखाच असून उभय पक्षांची चूकही एकच आहे. आपण ज्या चित्रावर बोलत आहो ते कर्त्याच्या हातचे, की त्याच्या नावावर निघालेले, की त्याच्या पश्चात दुसऱ्याने नव्या रंगांत उतरविलेले, याची चौकशी कोणीच केलेली दिसत नाही. एखादी पोथी हाती आली म्हणजे आपण प्रथम पुष्पिका पाहतो, लेखक कोण व कोठला ते शोधतो, शक वाचतो, दुसरी प्रत मिळते का ते धुंडाळतो. आणि मगच ग्रंथकाराच्या भाषेविषयी तोंड उघडतो. लेखकाच्या हस्तदोषाबद्दल ग्रंथकारास कोणी शासन करीत नाही. रविवर्मा यांना मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ असे शासन होत आले आहे. त्यांच्या चित्रांचा विचार पाठचिकित्सेच्या रीतीने व्हावा, एवढेच या लेखात म्हणावयाचे आहे.

चरित्रासंबंधी प्रथम थोडे लिहिणे अवश्य आहे. कारण मराठी वाचकाच्या मनातील रविवर्मा हे बहुतांशी रणजित देसाई यांच्या कादंबरीतील रविवर्मा आहेत. कादंबरी रसाळ आहे, हे कोण नाकारील? परंतु बखर आणि अस्सल कागद यांतील भेद राजवाड्यांनी ज्यांस शिकविला, त्यांनी कादंबरीला बखरीहूनही खालची पायरी द्यावी हे न्याय्य होय. अस्सल कागद उपलब्ध नाहीत असे नाही. रविवर्मा यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा हे स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १८९५ पासून १९०४ पर्यंत इंग्रजीत रोजनिशी ठेवली. ती आता छापून प्रसिद्ध झालेली आहे. दोघे बंधू एकाच चित्रशाळेत काम करीत, पुष्कळदा एकाच फलकावर काम करीत, आणि मागील निसर्गदृश्याचा भार बहुधा धाकट्यावर असे. म्हणजे ‘मूळ प्रत’ म्हणून जिला आपण मान द्यावयाचा तीही कित्येकदा दोन हातांची आहे. हस्तलिखितांत दोन हात ओळखण्याची सवय असलेल्यांस हे नवल वाटणार नाही. चित्रांवर लिहिणाऱ्यांस मात्र याचे भान क्वचितच राहते.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोरातील किळिमानूर येथे झाला. पिता नीलकंठ भट्टतिरिप्पाड हे संस्कृतज्ञ. माता उमयंबा या कवयित्री. मातेने रचलेले ‘पार्वतीस्वयंवर’ हे काव्य तिच्या मृत्यूनंतर पुत्राने छापून प्रसिद्ध केले, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष आवडेल. त्याच किळिमानूर घराण्यातील एका पूर्वपुरुषाने ‘रावणविजय’ हे कथकळीसाठीचे काव्य रचलेले आहे. काव्य, पुराण आणि रंगभूमी ही तिन्ही या मुलाच्या घरातच होती. चित्रकलेचे प्राथमिक धडे मामा राजराजवर्मा यांनी दिले. १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्यास तिरुवनंतपुरास आयिल्यम् तिरुनाळ महाराजांच्या पदरी नेले. तैलरंगाची विद्या मात्र कोणी हाती धरून शिकविली नाही. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायडू यांनी शिकविण्याचे नाकारले. १८६८ साली आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने आपले काम पाहू दिले, एवढेच. पुढे १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात नायर स्त्रीच्या चित्रास गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले, त्याच साली व्हिएन्ना येथेही गौरव झाला; १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनास दहा चित्रे गेली. पदकांची यादी याहून लांबविण्यात अर्थ नाही. बडोद्याचा प्रसंग मात्र महत्त्वाचा आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १८८८ साली पौराणिक विषयांवरील चौदा चित्रांचे काम सांगितले. विश्वामित्र-मेनका, शंतनू-गंगा, अर्जुन-सुभद्रा, कंस आणि माया इत्यादी प्रसिद्ध चित्रे त्यांतीलच. हे काम १८९० साली पूर्ण झाले आणि रविवर्मा हे नाव त्रावणकोराचे न राहता सर्व हिंदुस्थानचे झाले.

आता मूळ विषयाकडे वळू. रविवर्मा यांनी काव्यांतील प्रसंग रंगविले. तेव्हा पहिली कसोटी काव्याचीच लावली पाहिजे. ‘शकुंतलापत्रलेखन’ हे त्यांचे १८७६ चे चित्र घ्या. शकुंतला भूमीवर पालथी पडून कमलपत्रावर लिहीत आहे, सख्या जवळ बसल्या आहेत. कालिदासाच्या तिसऱ्या अंकात कमलपत्र आहे, आणि अक्षरे नखांनी उमटविण्याची सूचना प्रियंवदेची आहे. अंकाच्या आरंभी शकुंतला फुले पसरलेल्या शिलेवर आडवी पडलेली राजास दिसते, हेही खरे. परंतु पत्राची वेळ येते तेव्हा ती बसून विचार करते, अशी रंगसूचना देवनागरी पाठात स्पष्ट आहे. त्या क्षणी लतामंडपाआडून राजा पाहतो ते तिचे विचारमग्न मुख आणि वर उचललेली एक भिवई. कवीची दृष्टी मुखावर आहे; चित्रकाराने ती देहावर आणली. शाकुंतल वर्गात शिकविताना आमचा अनुभव असा की, शकुंतलेने पत्र कसे लिहिले असे विचारल्यास मुले ग्रंथ समोर उघडा असूनही ‘पालथी पडून’ असे सांगत. ग्रंथापेक्षा चित्र बलवत्तर ठरते, ते असे.

तथापि हा दोष मानावयाचा तर तो चित्रकाराच्या नावावर मांडावा. कारण ही आसनाची कल्पना मूळ चित्रातच आहे. याच्या उलट उदाहरण जटायुवधाचे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात रथ मोडल्यावर रावण सीतेसह आकाशात उडतो, जटायू त्याच्यावर झेप घेऊन डाव्या बाजूचे दहाही बाहू तोडतो, ते पुन्हा उगवतात. मग रावण सीतेस सोडून देतो, लाथाबुक्क्यांनी झुंजतो, आणि शेवटी खड्ग उपसून पक्ष्याचे पंख व पाय छाटतो. रविवर्मा यांच्या चित्रात सीता रावणाच्या एका हाती आहे, दुसऱ्या हाती खड्ग आहे, आणि पंख तुटून पडत आहे. येथे दोन क्षण एकत्र आणले आहेत. ही ग्रंथाशी फारकत खरी. पण ती दोषास्पद नव्हे. चित्रास एकच क्षण असतो. त्यात हरण आणि वध दोन्ही दाखवावयाचे तर हाच मार्ग होता, आणि तोंड झाकून घेतलेल्या सीतेमुळे पाहणाऱ्याच्या मनात जो कंप उठतो तो ग्रंथातील त्या सर्गाशी प्रामाणिक आहे. रावण एकमुखी व द्विभुज आहे, असा आक्षेप काही शास्त्री घेतात. परंतु कथकळीच्या रंगभूमीवर रावण एकाच मस्तकाने उभा राहतो. ज्या घराण्यात ‘रावणविजय’ रचले गेले, त्या घराण्यातील चित्रकारास असा रावण परका वाटण्याचे कारण नव्हते.

तिसरे उदाहरण या दोहोंहून मोलाचे आहे. १८९४ साली छापखान्यातून निघालेला पहिला छाप ‘शकुंतलाजन्म’ हा होय. मेनका तान्ही मुलगी पुढे करीत आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवीत आहेत, हे दृश्य कोणास ठाऊक नाही? आता महाभारताचे आदिपर्व उघडून पाहावे. मेनकेने मुलीस मालिनी नदीच्या तीरी ठेवले आणि ती इंद्रलोकी निघून गेली. शकुंत पक्ष्यांनी त्या बालिकेचे रक्षण केले, म्हणून कण्वांनी तिचे नाव शकुंतला ठेवले. मुलगी विश्वामित्रांस दाखविणे, त्यांनी नाकारणे, हे काहीही तेथे नाही. कालिदासानेही हा प्रसंग रंगविलेला नाही. पाठचिकित्सेच्या भाषेत हा शुद्ध प्रक्षेप आहे. परंतु किती सामर्थ्याचा प्रक्षेप! पाठीमागून येणाऱ्या दुष्यंताच्या नाकारण्याची छाया पित्याच्या नाकारण्यात अगोदरच पडली आहे. कन्या जन्मतःच जी नाकारली गेली ती पुढे भरदरबारात पुन्हा नाकारली जाणार. कालिदासास हे सुचले असते तर त्याने ते टाकले नसते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. ज्या चित्रकाराविषयी ‘कल्पनाशक्ती नाही’ असा निर्णय दिला गेला, त्याच्या नावावर हा एक प्रसंग जमेस धरावयास हवा होता.

तो निर्णय कोणी दिला व कशावरून दिला, हे पाहू. रविवर्मा १९०६ च्या ऑक्टोबरात निवर्तले. पुढल्याच वर्षी डॉ. आनंद कुमारस्वामी यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’त लिहिताना त्यांच्या पौराणिक चित्रांत नाटकीपणा आहे आणि भारतीय भाव नाही, असा अभिप्राय दिला. भगिनी निवेदिता यांनी त्याच सुमारास शकुंतलेच्या त्या आसनावर कडक टीका केली. निवेदितांच्या टीकेतील एक तपशील मात्र कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. असे चित्र घरोघर टांगलेले आहे, अशी त्यांची तक्रार होती. घरोघर टांगलेले होते ते तैलचित्र नव्हे. तो छाप होता. १८७६ चे मूळ चित्र तर मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी तेव्हाच विकत घेतले होते. कलकत्त्यात बसून निर्णय देणाऱ्यांपुढे ते असण्याचा संभव फार थोडा. बडोद्याची चित्रे राजवाड्यात, त्रावणकोरची तिकडच्या दरबारी, म्हैसूरची म्हैसुरात. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी रविवर्म्यांवर लेखणी चालविली त्यांतील कितीजणांनी पाच-पंचवीस मूळ चित्रे एकत्र पाहिली असतील? भ्रष्ट प्रतीवरून ग्रंथकारास दोषी ठरविण्याचा हा प्रकार आहे. कुमारस्वामींच्या विद्वत्तेविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे, आणि नाटकीपणाचा त्यांचा आक्षेप काही मूळ चित्रांस लागूही पडतो. भिडेपोटी ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु भडक रंग, सपाट झालेली छाया, बाहुलीसारखी मुद्रा हे जे आक्षेप पुढील लेखकांनी त्यात भर घालून चालविले, ते छापखान्याच्या खात्यावर मांडण्याचे आहेत.

छापखान्याची हकीकत अशी. मूळ त्रावणकोरचे व पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी कुटुंबातले. त्यांनी रविवर्मा यांना सुचविले की, एका माणसाच्या दोन हातांनी सर्वांची मागणी पुरी होणे नाही, सबब निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे तैलरंगी छाप काढवावेत. ही सूचना पुढे देशातच अमलात आली. गोवर्धनदास खटाव मकनजी यांच्या भागीदारीत १८९४ साली मुंबईस छापखाना निघाला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणविले. मुंबईत प्लेग शिरल्यावर धंद्याची घडी विसकटली आणि १८९९ मध्ये कारखाना लोणावळ्याजवळ कार्ले-मळवली येथे गेला. कर्जाचे ओझे सोसेना, म्हणून नव्या शतकाच्या आरंभी रविवर्मा यांनी तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकला. चित्रे छापण्याचा हक्कही त्याबरोबर गेला. चित्रकार यानंतर पाच वर्षे जगला, परंतु त्याच्या नावाचा छापखाना त्याच्यामागे कित्येक दशके चालला.

शिळाछाप पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांस ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की, पोथीस एक शिळा पुरते; रंगीत छापास प्रत्येक रंगछटेची वेगळी शिळा लागते आणि एकाच कागदावर त्या एकामागून एक नेमक्या जागी उमटवाव्या लागतात. मूळ तैलचित्र या शिळांवर आपोआप उतरत नाही. एक कसबी कारागीर ते पाहून, रंग पृथक् करून, प्रत्येक शिळेवर पुन्हा काढतो. हाच आपला लेखक! तैलचित्रातील सावली पुष्कळ पातळ थरांनी बनलेली असते. कारागिराच्या हाती मोजके रंग असतात. तो सावलीच्या जागी एक रंग ठेवतो, ओठांवर दुसरा, पदरावर तिसरा. वर रोगण देऊन आणि कागदावर कापडाचा पोत उठवून तैलचित्राचा भास आणतो. शिळा झिजली की रेषा जाड होते. दुसरी आवृत्ती काढताना एखादा रंग वाचविला जातो. रविवर्मा हयात असताना आणि देखरेख करीत असताना निघालेला छाप आणि विक्रीनंतर निघालेला त्याच शीर्षकाचा छाप यांत म्हणूनच भेद असतो. शिवाय नंतरच्या काळात त्या छापखान्याने दुसऱ्या चित्रकारांचीही चित्रे छापली. आमचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांपैकी एक. लोकांच्या तोंडी मात्र ती सारी ‘रविवर्म्याची चित्रे’ झाली. व्यासांच्या नावावर जसे अठरा पुराणांचे ओझे पडले, तसेच हे.

रविवर्मा यांनी रंगीत छाप प्रथम काढले, असे जे सर्रास लिहिले जाते तेही बरोबर नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ सालीच पुण्यात चित्रशाळा काढून देवादिकांचे छाप विकावयास आरंभ केला होता. चित्रशाळेचे रामपंचायतन महाराष्ट्रातील किती देवघरांत होते हे वृद्धांस विचारावे. कलकत्त्यासही त्याच सुमारास असा उद्योग सुरू झालेला होता. रविवर्मा यांचे नवेपण छापण्यात नाही. काय रंगवावे, हे त्यांनी बदलले. पूर्वीचे छाप देवतेस समोरासमोर, निश्चल, पूजेसाठी मांडीत. रविवर्म्यांनी तिला एका स्थळी आणि एका वेळी उभी केली: मागे पाणी, झाड, आकाश आणि अंगावर प्रकाश.

लक्ष्मीचे उदाहरण पाहा. शिल्पांतील गजलक्ष्मीस दोन बाजूंनी दोन हत्ती घटांनी अभिषेक करतात. रविवर्म्यांची लक्ष्मी पाण्यातील कमळावर उभी आहे आणि बाजूस एकच हत्ती सोंडेत माळ घेऊन आला आहे. दोन हत्तींची समतोल रचना मोडली. देवीचे अधिष्ठान तळे झाले. ध्यानश्लोकाच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हे, आणि आज ज्या घरांत शास्त्रोक्त लक्ष्मीपूजन होते त्यांतील कित्येकांत पूजा याच एकहत्ती लक्ष्मीची होते, याची पुरोहितांनी कधी खंत केलेली नाही. सरस्वतीविषयी मात्र चित्रकारास विनाकारण दोष देतात. १८९६ च्या चित्रात सरस्वतीजवळ हंसाऐवजी मोर आहे, हे अशास्त्र आहे, असे एका विद्वानाने आम्हांस बजावून सांगितले. त्यांनी विष्णुदास भाव्यांच्या नाटकांचा पूर्वरंग आठवावा. सूत्रधार गजाननाचे स्तवन करतो आणि मग मयूरावर बसून सरस्वती नाचत येते! दशावतारी खेळांतही तीच. दक्षिणेत आणि आपल्याकडे मोर सरस्वतीचा फार जुना सोबती आहे.

वेषाविषयी दोन शब्द. बडोद्याच्या कामापूर्वी दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानभर हिंडले, ते पुराणकाळच्या स्त्रियांस कोणता वेष द्यावा याच्या शोधात. सर्वांस मान्य होईल असा प्राचीन वेष कोठे सापडावा? अखेर साडी ठरली, आणि नेसण्याची तऱ्हा पुष्कळदा महाराष्ट्रीय. तपोवनातील शकुंतलेच्या अंगावरही वल्कल नाही, साडीच आहे. दुसऱ्या अंकात राजा विदूषकास सांगतो की, दर्भाचा अंकुर रुतल्याचे निमित्त करून ती थांबली आणि न गुंतलेले वल्कल फांदीपासून सोडवीत मागे वळून पाहू लागली. त्या प्रसंगाच्या चित्रात पाय आहे, मान वळविणे आहे, सखीचा खांदा आहे; वल्कल तेवढे नाही, आणि वल्कलाबरोबर दोन बहाण्यांपैकी एक बहाणा गेला. पुराणवस्तूंच्या अभ्यासकास हे खटकणारच. परंतु केरळातील चित्रकाराने महाराष्ट्रीय नेसणीची दमयंती बडोद्याच्या राजास रंगवून दिली आणि ती तामिळ व बंगाली घरांतही परकी वाटली नाही, हाही इतिहासच आहे.

या चित्रांचा परिणाम कोठवर पोहोचला याची एकच साखळी पुरे. दादासाहेब फाळके हे लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यात काही काळ छायाशिळामुद्रणाचे काम करीत होते. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. पौराणिक पुरुष कसा उभा राहतो, ऋषी हात कसा वर करतो, राणी पदर कसा सावरते, हे प्रेक्षकांच्या डोळ्यांस छापांनी आधीच शिकवून ठेवलेले होते.

या यशाची किंमत कोणी दिली, हेही लिहिले पाहिजे. पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथी पोथ्या, पैठणी शैलीची रामायण-महाभारताची चित्रे, मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे, यांतील देव आणि राक्षस लोकांच्या डोळ्यांस हळूहळू ओबडधोबड दिसू लागले. तेथे रावणास दहा तोंडे आहेत आणि डोळे कानापर्यंत लांब आहेत. मनुष्याच्या मुखाची सवय लागलेल्या दृष्टीस ते गावंढळ वाटले, आणि जे गावंढळ वाटले ते माळ्यावर गेले. हा दोष एकट्या चित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. परंतु त्याच्या छापांच्या वाट्यास तो काही अंशी येतोच. जुने चित्र हटवून नवे चित्र ‘खरे’ म्हणून रूढ होण्याचा प्रकार आम्हांस अपरिचित नाही. वा. सी. बेंद्रे यांनी शिवछत्रपतींचे विश्वसनीय चित्र पुढे आणण्यापूर्वी भलत्याच पुरुषाची तसबीर महाराजांची म्हणून आपल्याकडे कित्येक वर्षे मिरवत होती.

रविवर्म्यांच्या या प्रभावास सर्वांत विचारपूर्वक उत्तर पुण्यातच दिले गेले, आणि ते कलाविवेचकाने नव्हे, तर एका संस्थानिकाने. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताची संशोधित आवृत्ती निघावी म्हणून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास द्रव्यसाहाय्य देऊ केले, तेव्हा ती सचित्र असावी अशी त्यांची इच्छा होती. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. प्राचीन नमुन्यांवरून त्यांनी काढलेली चित्रे त्या आवृत्तीत आहेत. म्हणजे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ज्या खंडांत एकेका श्लोकाचे पाठभेद तळटिपांत मांडीत होते, त्याच खंडांत चित्रांनाही प्राचीन आधार पाहिजे, हा आग्रह शेजारीच उभा होता. आवृत्तीच्या संहितेचा जगभर गौरव झाला. चित्रांकडे फारसे कोणी पाहिले नाही. आमचा स्पष्ट अभिप्राय असा की, पंतप्रतिनिधींची चित्रे साधार असून निर्जीव आहेत, आणि रविवर्म्यांची शकुंतलाजन्माची कल्पना निराधार असून जिवंत आहे. कलेत आधाराने जीव येत नाही, आणि जीव आहे एवढ्यावरून आधार सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी निरनिराळ्या वह्यांत लिहावयाच्या असतात.

रविवर्म्यांची तैलचित्रे आता सुरक्षित आहेत. १९७९ साली शासनाने ती राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर केली, त्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाहीत; बडोदे आणि तिरुवनंतपुरम येथे ती पाहता येतात. छापांची स्थिती तशी नाही. मळवलीचा कारखाना १९७२ साली आगीत सापडला आणि तेथील मोठा संग्रह नष्ट झाला. छाप म्हटला की संग्राहक नाक मुरडतात. घरोघर होता म्हणून त्याची किंमत नाही असे मानतात. परंतु घरोघर असलेली वस्तूच प्रथम नाहीशी होते, हे पंचांगांच्या बाबतीत आपण अनुभवले आहे. शंभर वर्षांपूर्वीचे पंचांग आज शोधून पाहावे.

म्हणून संग्राहकांस एक व्यवहारातील सूचना करतो. छापाच्या खालच्या कडेस चित्राचे नाव आणि छापखान्याचे नाव-ठिकाण छापलेले असते. तीच छापाची पुष्पिका. ठिकाण मुंबईचे असेल तर छाप १८९९ पूर्वीचा असण्याचा संभव मोठा. कार्ले, मळवली किंवा लोणावळे असेल तर त्यानंतरचा. पूर्वीचे चौकटवाले ही कड कापून टाकीत, आणि आजही टाकतात. ती कापू देऊ नये. काही छापांवर घरच्या स्त्रियांनी जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे शिवून देवीस वस्त्रालंकार घातलेले असतात. ते उसवून ‘मूळ’ चित्र बाहेर काढण्याचा मोह होतो. तसे करू नये. पोथीच्या समासातील टिपणाइतकाच तो शिवणीचा भाग जपण्यासारखा आहे. कागद की कापड, लांबी-रुंदी, रोगण आहे की नाही, कडेवरील मजकूर जशाच्या तसा, आणि चित्र कोणत्या गावच्या कोणत्या देवघरातून आले, इतके तपशील ज्यांच्या संग्रहात असे छाप आहेत त्यांनी टिपून मंडळाकडे धाडावेत. एकाच शीर्षकाच्या तीन-चार प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या जुळल्या, तर ‘शकुंतलाजन्म’ आणि ‘लक्ष्मी’ या दोन छापांपासून पाठभेदांच्या नोंदीस आरंभ करता येईल.